अंगठ्याचा धनी लू ग्रोझा

अमेरिकन फुटबॉलच्या नावात पाऊल असले तरी त्या खेळात पावलाला काम फार थोडे. चेंडू हातांनी फेकायचा, हातांनी झेलायचा, छातीशी कवटाळून पळायचा आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन लोळवेपर्यंत पुढे सरकत राहायचे, असा हा धसमुसळा खेळ. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीच्या टोकापलीकडे नेला की टचडाउनचे सहा गुण मिळतात. त्यानंतर तोच चेंडू पायाने मारून गोलखांबांमधून पार केला की आणखी एक गुण पदरात पडतो. टचडाउन होण्याची चिन्हे नसतील, तर दुरूनच चेंडू जमिनीवर उभा धरून खांबांमधून मारायचा आणि तीन गुणांवर समाधान मानायचे. त्याला फील्ड गोल म्हणतात आणि हे काम करणाऱ्या खेळाडूला प्लेसकिकर.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी हे तीन गुण म्हणजे एक प्रकारची हार पत्करणेच समजले जाई. मर्दुमकी टचडाउनमध्ये, फील्ड गोल ही नाइलाजाची वाट, असा तेव्हाचा समज होता. हा समज खोटा ठरवण्याचे श्रेय ज्या मोजक्या खेळाडूंना जाते, त्यांत क्लीव्हलंड ब्राउन्स संघाच्या लू ग्रोझाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तब्बल २१ हंगाम खेळलेल्या या खेळाडूच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला एवढी कीर्ती लाभली, की क्रीडा पत्रकारांनी त्याचे नावच ‘द टो’, म्हणजे अंगठा, असे पाडले.

लुई रॉय ग्रोझाचा जन्म २५ जानेवारी १९२४ रोजी ओहायो राज्यातील मार्टिन्स फेरी या गावी झाला. ओहायो नदीच्या काठावरचे हे गाव पोलाद आणि कोळशावर जगणारे. युरोपातून पोटापाण्यासाठी आलेल्या कामगारांची तेथे मोठी वस्ती होती. ग्रोझाची आई हंगेरीहून आलेली, तर वडील ट्रान्सिल्व्हेनियाचे. गावात त्यांचा मद्याचा गुत्ता होता. चार भावांपैकी लू तिसरा. थोरला भाऊ फ्रँक याच्याकडून त्याने चेंडू मारण्याचे पहिले धडे घेतले. मैदान नसले तरी मुलांचे अडत नसे. रस्त्यावरच्या टेलिफोनच्या तारा हेच त्यांचे गोलखांब. तारांवरून चेंडू पलीकडे गेला की गोल झाला, असा हिशेब. धाकटा अॅलेक्स त्या वेळी लहान होता. पुढे तोही मोठा खेळाडू झाला, पण बास्केटबॉलमध्ये. त्याची कहाणी वेगळ्याच वळणावर गेली.

शाळेत फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल या तिन्ही खेळांत चमकलेल्या लूला ओहायो स्टेट विद्यापीठाने शिष्यवृत्ती दिली. १९४२ मध्ये तो तेथे दाखल झाला, तेव्हा विद्यापीठाच्या मुख्य संघाचे प्रशिक्षक होते पॉल ब्राऊन. ग्रोझा पहिल्या वर्षाच्या मुलांच्या संघातून खेळला आणि दूरवरचे फील्ड गोल मारून त्याने प्रशिक्षकांच्या नजरेत जागा मिळवली. तथापि, मुख्य संघाकडून खेळण्याचा योग त्याच्या नशिबी नव्हता. १९४३ मध्ये तो लष्करात भरती झाला आणि मैदानाऐवजी पॅसिफिकच्या रणभूमीवर जाऊन पोहोचला.

लष्कराच्या ९६व्या पायदळ डिव्हिजनमध्ये त्याच्याकडे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या मदतनिसाचे काम होते. फिलिपिन्समधील लेटे बेट आणि त्यानंतर ओकिनावा येथे त्याने हे काम केले. समोरून येणाऱ्या जखमींची रांग संपत नसे. विशीतल्या या मुलाने तेथे जे पाहिले, त्यानंतर हजारो प्रेक्षकांसमोर एक चेंडू मारण्याचे दडपण त्याला फारसे जाणवले नसल्यास नवल नाही. याच काळात क्लीव्हलंड येथे नव्या व्यावसायिक संघाची जुळवाजुळव करणाऱ्या पॉल ब्राऊन यांनी त्याची आठवण ठेवली. त्यांनी त्याला सरावासाठी चेंडू पाठवले आणि पाठोपाठ कराराचा कागदही. ओकिनावावर असतानाच ग्रोझाने त्या कागदावर सही केली. विद्यापीठाच्या मुख्य संघातून एकही सामना न खेळलेला मुलगा युद्धभूमीवरून व्यावसायिक खेळाडू झाला.

१९४६ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सच्या पहिल्या शिबिरात तो आला तो लष्करी कपड्यांत, खांद्यावर लष्करी थैली अडकवून. ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स ही नवी लीग त्याच वर्षी सुरू झाली होती. पहिल्याच हंगामात ग्रोझाने १३ फील्ड गोल आणि ४५ जादा गुण मिळवले. व्यावसायिक फुटबॉलमधला तो तोवरचा विक्रम होता. पॉल ब्राऊन यांनी त्याच्यामुळे आपल्या डावपेचांतच बदल केला. चेंडू मध्यरेषेपलीकडे गेला की आपल्या हाती तीन गुण जवळजवळ आहेतच, या हिशेबाने ते चाली आखू लागले. प्रतिस्पर्ध्यांची पंचाईत झाली. पूर्वी ज्या ठिकाणी बचावफळी सुटकेचा नि:श्वास टाकत असे, तेथे आता ग्रोझा उभा राहू लागला.

त्याची पद्धत साधी होती, पण तिच्यात कमालीची शिस्त होती. सहकारी चेंडू मागे फेकतो, दुसरा सहकारी तो झेलून जमिनीवर उभा धरतो आणि किकर तो मारतो, या सगळ्याला मिळणारा वेळ दीड सेकंदाच्या आसपास. तेवढ्यात समोरचे धिप्पाड खेळाडू अंगावर येत असतात. ग्रोझा चेंडूच्या अगदी सरळ मागे उभा राही, मोजकी पावले टाकी, घोटा ताठ ठेवी आणि चौकोनी टोकाच्या बुटाने चेंडूच्या मध्याच्या किंचित खाली आघात करी. चेंडू सुटल्यावरही मान खालीच असे. दिशा चुकू नये म्हणून आरंभी तो चेंडू ठेवायच्या जागेपासून मागे लांबलचक चिकटपट्टी अंथरत असे आणि तिच्या रेषेत पाऊल टाकत असे. पुढे नॅशनल फुटबॉल लीगने अशा कृत्रिम साधनांना बंदी घातली. पट्टी गेली, पण ती रेषा ग्रोझाच्या डोळ्यांत भिनली होती.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ग्रोझा हा केवळ चेंडू मारण्यापुरता मैदानात उतरणारा खेळाडू नव्हता. सहा फूट तीन इंच उंचीचा हा भक्कम बांध्याचा गडी १९४८ पासून आक्रमणाच्या फळीत डाव्या टॅकलच्या जागी नियमित खेळू लागला. टॅकलचे काम हमालीचे. क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहम चेंडू फेकण्यासाठी मागे सरकला की त्याच्यावर धावून येणाऱ्यांना छातीने थोपवायचे, धक्के खायचे, धक्के द्यायचे आणि पुन्हा उभे राहायचे. या कामाचे गुण फलकावर लागत नाहीत. दोन तास अशी झटापट करून थकलेल्या, चिखलाने माखलेल्या पायांनीच त्याला शेवटी तो नेमका फटका मारावा लागे. आज ज्या विश्रांत पायांनी किकर मैदानात येतात, ती चैन त्याला कारकिर्दीच्या उत्तरार्धापर्यंत मिळाली नाही.

ब्राउन्सने १९४६ ते १९४९ अशी सलग चार वर्षे नव्या लीगचे अजिंक्यपद पटकावले. १९४८ मध्ये तर संघाने एकही सामना गमावला नाही. ती लीग बंद पडल्यावर १९५० मध्ये ब्राउन्सला नॅशनल फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला. जुन्या लीगच्या चाहत्यांना हा संघ दुबळ्यांत शिरजोर वाटत होता. पहिल्याच सामन्यात गतविजेत्या फिलाडेल्फिया ईगल्सचा ३५-१० असा पराभव करून ब्राउन्सने त्यांची तोंडे बंद केली. मात्र खरी परीक्षा हंगामाच्या अखेरीस होती. १७ डिसेंबरला न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धच्या निर्णायक लढतीत ब्राउन्सने ८-३ असा विजय मिळवला. त्या आठ गुणांपैकी सहा गुण ग्रोझाच्या दोन फील्ड गोलचे होते.

आठवडाभराने, २४ डिसेंबर १९५० रोजी, क्लीव्हलंडच्या म्युनिसिपल स्टेडियमवर लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध अजिंक्यपदाचा सामना झाला. ईरी सरोवरावरून बोचरे वारे वाहत होते, जमीन गोठलेली होती. अवाढव्य स्टेडियममध्ये जेमतेम तीस हजार प्रेक्षक होते. ब्राउन्सच्या एका टचडाउननंतर चेंडू मागे फेकण्यातच गफलत झाली आणि ग्रोझाला जादा गुणाचा फटका मारताच आला नाही. दुसरीकडे रॅम्सचा बॉब वॉटरफील्ड १५ यार्डांवरचा फील्ड गोल चुकला. या दोन चुकांची किंमत कोणाला मोजावी लागणार, याचा निकाल शेवटच्या मिनिटापर्यंत लांबला. रॅम्सकडे २८-२७ अशी आघाडी होती. ग्रॅहमने संघाला गोलरेषेजवळ आणले, टॉमी जेम्सने चेंडू धरला आणि २८ सेकंद उरले असताना ग्रोझाने १६ यार्डांवरून तो खांबांमधून पार केला. ब्राउन्स ३०-२८ असा जिंकला. वॉटरफील्ड ज्या अंतरावरून चुकला, जवळजवळ त्याच अंतरावरून ग्रोझाने अजिंक्यपद मिळवून दिले.

तथापि, किकरचे भाग्य फार चंचल असते. १९५१ च्या अंतिम सामन्यात ग्रोझाने ५२ यार्डांवरून फील्ड गोल मारला. पण तेवढ्याने भागले नाही आणि रॅम्सने २४-१७ असा विजय मिळवून परतफेड केली. १९५२ मध्ये बरगड्यांना दुखापत झालेली असतानाही तो डेट्रॉइट लायन्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात उतरला आणि तीन फील्ड गोल चुकला. ब्राउन्सचा १७-७ असा पराभव झाला. टॅकल चुकला तर ते प्रशिक्षकाच्या ध्यानात येते, किकर चुकला तर साऱ्या गावाला दिसते. ग्रोझाने या अपयशाचे उत्तर पुढच्याच हंगामात दिले. १९५३ मध्ये त्याने २६ पैकी २३ फील्ड गोल यशस्वी केले. इतर किकर जेव्हा निम्म्याच्या आसपास यश मिळवत होते, तेव्हाची ही कामगिरी होय. ८८.५ टक्क्यांचा हा विक्रम १९८१ पर्यंत कोणाला मोडता आला नाही.

त्या वर्षाच्या अंतिम सामन्यातही त्याने तीन फील्ड गोल केले आणि ब्राउन्सला १६-१० अशी आघाडी मिळवून दिली. अखेरच्या मिनिटांत डेट्रॉइटने टचडाउन करून बरोबरी साधली आणि डोक वॉकरने जादा गुणाचा फटका अचूक मारला. ब्राउन्स १७-१६ असा हरला. ज्या एका गुणाच्या जोरावर ग्रोझाने आयुष्यभर सामने फिरवले, त्याच एका गुणाने त्याला त्या दिवशी हरवले. १९५४ मध्ये मात्र ब्राउन्सने याच डेट्रॉइटचा ५६-१० असा धुव्वा उडवला. त्या सामन्यातले आठही जादा गुण ग्रोझाच्या पायाचे होते. त्या वर्षी स्पोर्टिंग न्यूज या नियतकालिकाने त्याची सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड केली. १९५५ मध्ये ब्राउन्सने पुन्हा अजिंक्यपद मिळवले. १९४६ ते १९५५ या दहाही वर्षांत ब्राउन्स अंतिम सामन्यात पोहोचला आणि सात वेळा जिंकला.

मैदानावर लूचे नाव गाजत असतानाच ग्रोझा कुटुंबावर मोठा आघात झाला. धाकटा अॅलेक्स केंटकी विद्यापीठाचा नामांकित बास्केटबॉलपटू. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या संघात तो होता. पुढे व्यावसायिक बास्केटबॉलमध्येही त्याने नाव कमावले. परंतु विद्यापीठात असताना जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन गुणांच्या फरकात फेरफार केल्याच्या प्रकरणात तो १९५१ मध्ये अडकला आणि एनबीएने त्याला तहहयात बंदी घातली. एकाच घरातून, एकाच रस्त्यावरून निघालेल्या दोन भावांपैकी एकाची कारकीर्द पंचविसाव्या वर्षीच संपली आणि दुसरा चाळिशी उलटल्यावरही खेळत राहिला. बास्केटबॉलमध्ये जसा गुणांचा फरक, तसाच फुटबॉलमध्ये किकरचा एकेक फटका जुगाऱ्यांच्या दृष्टीने मोलाचा. ज्याच्या एका पावलावर निकाल फिरतो, त्याच्यावर संघाला आणि प्रेक्षकांना डोळे झाकून विश्वास टाकावा लागतो. लू ग्रोझावर तो विश्वास एकवीस वर्षे टाकला गेला आणि तो कधी फोल ठरला नाही.

अंगमेहनतीचा परिणाम शरीरावर व्हायचा तो झालाच. पाठीच्या दुखण्यामुळे १९६० चा संपूर्ण हंगाम त्याला बाहेर बसावे लागले. वय ३६. सगळ्यांनी त्याची कारकीर्द संपली असे धरले. परंतु १९६१ मध्ये तो परतला, टॅकलची जागा सोडून केवळ किकर म्हणून. पूर्वी छोट्या संघांत निव्वळ किकरसाठी एक जागा अडवणे परवडत नसे. आता परवडू लागले होते, कारण चेंडू मारणाऱ्या पायाचे मोल ग्रोझासारख्यांनीच सिद्ध केले होते.

२७ डिसेंबर १९६४ रोजी क्लीव्हलंडच्या त्याच मैदानावर बाल्टिमोर कोल्ट्सविरुद्ध अंतिम सामना झाला. या वेळी ७९ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. कोल्ट्सचे पारडे जड मानले जात होते. पूर्वार्धात दोन्ही संघांची पाटी कोरी राहिली. उत्तरार्धात वारा पाठीशी असताना चाळीस वर्षांच्या ग्रोझाने ४३ यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि कोंडी फुटली. त्यानंतर गॅरी कॉलिन्सने तीन टचडाउन केले, ग्रोझाने आणखी एक फील्ड गोल केला आणि ब्राउन्सने २७-० असा दणदणीत विजय मिळवला. ग्रोझाचे हे आठवे अजिंक्यपद होते.

१९६७ च्या हंगामानंतर तो निवृत्त झाला, तेव्हा तो चव्वेचाळिशीत होता. १९४६ च्या मूळ संघातील तो शेवटचा खेळाडू. दोन्ही लीग मिळून त्याच्या नावावर २६४ फील्ड गोल, ८१० जादा गुण आणि एकूण १,६०८ गुण जमा होते. आजच्या मोजमापाने पाहिल्यास एक आकडा खटकण्याजोगा आहे. एकूण ४८१ प्रयत्नांपैकी २६४ यशस्वी, म्हणजे सुमारे ५५ टक्के. हल्लीचे किकर ८० टक्क्यांहून अधिक वेळा यशस्वी होतात. परंतु चिखलाची मैदाने, सरोवराचा वारा, टॅकलच्या झटापटीने थकलेले पाय आणि दूरवरून मारण्याची पुन:पुन्हा येणारी पाळी ध्यानात घेतली, तर त्या ५५ टक्क्यांमागचे कष्ट दिसू लागतात.

त्याच्या कारकिर्दीच्या संध्याकाळीच खेळ बदलू लागला होता. १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून कुटुंबासह अमेरिकेत आलेला पीट गोगोलाक हा तरुण १९६४ मध्ये बफेलो बिल्सकडून खेळू लागला. तो चेंडूवर तिरपा धावून येई आणि अंगठ्याऐवजी पावलाच्या वरच्या भागाने, सॉकरच्या पद्धतीने फटका मारी. या फटक्यात ताकद जास्त होती आणि दिशेवर पकडही. अंगठ्याची पद्धत पुढल्या दोन दशकांत नामशेष झाली. तिचा अखेरचा नियमित किकर मार्क मोझली १९८६ मध्ये निवृत्त झाला. हंगेरियन आईच्या मुलाने जी कला शिखरावर नेली, तिला बाजूला सारणारी नवी रीतही एका हंगेरियन तरुणानेच आणावी, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल.

१९७४ मध्ये कॅन्टन येथील प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये ग्रोझाचा समावेश झाला. त्याच वर्षी लीगने गोलखांब गोलरेषेवरून दहा यार्ड मागे हलवले, कारण किकर फार सहजपणे गुण मिळवू लागले होते. नाइलाजाची वाट म्हणून हिणवला गेलेला फील्ड गोल आता नियम बदलून आवरावा लागत होता. ग्रोझाला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले ते टॅकल आणि प्लेसकिकर या दोन्ही नात्यांनी. केवळ प्लेसकिकर म्हणून हा मान पहिल्यांदा मिळाला तो नॉर्वेत जन्मलेल्या यान स्टेनरूडला, आणि त्यासाठी १९९१ साल उजाडावे लागले.

ग्रोझाच्या पिढीतील खेळाडूंना केवळ खेळावर घर चालवता येत नसे. विम्याचा व्यवसाय त्याने निवृत्तीनंतरही चालू ठेवला. क्लीव्हलंडजवळच्या बेरिया या उपनगरात पत्नी जॅकी आणि चार मुलांसह तो राहत असे. १९९५ च्या हंगामानंतर मालकाने संघ बाल्टिमोरला हलवला, तेव्हा क्लीव्हलंडकरांवर आभाळ कोसळले. १९९९ मध्ये ब्राउन्स नव्याने मैदानात उतरल्याचे ग्रोझाला पाहता आले. पार्किन्सनच्या विकाराने तो त्रस्त होता. २९ नोव्हेंबर २००० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. तो ७६ वर्षांचा होता. ७६ हाच त्याच्या जर्सीचा क्रमांक, जो ब्राउन्सने त्याच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेवला आहे. बेरिया येथील संघाच्या मुख्यालयाचा पत्ताही ७६, लू ग्रोझा बूलेव्हार्ड असाच आहे.

महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम प्लेसकिकरला १९९२ पासून दरवर्षी लू ग्रोझा पुरस्कार दिला जातो. तो स्वीकारणारे तरुण टॅकल म्हणून खेळत नाहीत आणि चेंडूवर अंगठाही मारत नाहीत. ते तिरपे धावत येतात, फटका मारतात आणि पुन्हा बाकावर जाऊन बसतात. एका फटक्यासाठी स्वतंत्र खेळाडू ठेवणे आता कोणालाच चैन वाटत नाही, इतके ते अंगवळणी पडले आहे. हे काम आपल्या पायाने मान्य करून घेणाऱ्याला मात्र त्या एका फटक्यापूर्वी बहुतेक वर्षे तासन् तास हमाली करावी लागली होती.